आण्णांची युरोडायनॅमिक टेस्ट: चार स्टार, पाचवा काउंटरवर गेला

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे. युरोडायनॅमिक म्हणजे लघवीची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, भरताना आणि रिकामं होताना आतलं प्रेशर बारीक नळ्या घालून मोजायची टेस्ट. टेस्टच्या आधी मी या सेंटरचे होते नव्हते तेवढे सगळे रिव्ह्यू वाचून काढले आणि सगळीकडं आपलं 'स्टाफ चांगला', 'क्लीन आहे', 'थँक्यू डॉक्टर', अरे पण आत नेऊन नक्की करतात काय ते एकानंही लिहिलेलं नाही. विषयच असा आहे ना, लघवी म्हटलं की माणूस इकडंतिकडं बघायला लागतो आणि आवाज आपोआप बारीक होतो. म्हणून मी लिहिते, माझ्यासारखं कुणी रात्री अकरा वाजता मोबाईल घेऊन 'नळी घातल्यावर दुखतं का' शोधत बसलं असेल तर त्याच्या उपयोगी पडेल.

पेशंट माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, वय 69, कराड आगाराला एसटीचे ड्रायव्हर होते, तीस वर्षं गाडी चालवली. शुगर 16 वर्षांची. गेली दोन वर्षं लघवीची धार बारीक झालेली, सुरू व्हायलाच वेळ लागतो, जाऊन आले तरी राहिल्यासारखं वाटतं, रात्री चार चार वेळा उठणं, आणि गेल्या वर्षात दोनदा इन्फेक्शन होऊन थंडीताप. हे सगळं त्यांनी मला सांगितलं असं समजू नका हं, आईनं सांगितलं. मी मुलगी, भाऊ दुबईला, त्यामुळं आण्णा माझ्यासमोर फक्त 'जरा त्रास आहे' एवढंच म्हणणार आणि टीव्हीचा आवाज वाढवणार.

याच्या आधी आमच्या भागातच एका ठिकाणी टेस्ट केली होती, नाव घेत नाही. तिथं फक्त युरोफ्लो झाली, म्हणजे मशीनमध्ये लघवी करायची आणि ते धारेचा वेग मोजतं, सेकंदाला किती मिली. ऐकायला सोपं आहे पण तिथं काय केलं तर एका खोलीच्या कोपऱ्यात पडदा, तोही गुडघ्यापर्यंतच, आणि बाहेर एक पोरगा उभा राहून दर मिनिटाला 'आजोबा झालं का', 'आजोबा मागं लाईन आहे'. आता मला सांगा कुणाला होईल. आण्णांना कशीबशी 84 मिली झाली, वेग आला 5.8 आणि रिपोर्टवर धार कमी म्हणून लाल अक्षरात. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांना ब्लॅडरच्या खाली लघवीच्या वाटेभोवती असते ती ग्रंथी, 38 ग्रॅम आणि लघवी झाल्यावर आत शिल्लक 190 मिली. लगेच सांगितलं प्रोस्टेट वाढलीय, ऑपरेशन करून टाका, पुढच्या आठवड्यात बेड आहे.

मला नंतर कळलं की 150 मिलीच्या खाली लघवी झाली असेल तर त्या ग्राफवर विसंबायचंच नसतं, परत करायला लावायचं असतं. म्हणजे त्या लाल अक्षराला तसा काही अर्थच नव्हता. आणि आम्ही त्यावर ऑपरेशनचे पैसे गोळा करायला लागलो होतो.

नशीब भावाच्या मित्रानं पुण्यातल्या एका युरोलॉजिस्टचं नाव दिलं. त्यांनी रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो शुगर किती वर्षांची. मग म्हणाले की हे बघा, धार कमी आहे हे मान्य, पण धार कमी असायला दोन कारणं असू शकतात, एक तर वाटेत अडथळा आहे किंवा ब्लॅडरची पिशवीच दाबायला कमी पडतेय. नळाला पाणी बारीक येतं तेव्हा नळात कचरा अडकलाय का टाकीलाच प्रेशर नाही, हे बादलीकडं बघून कळतं का? नाही कळत. युरोफ्लो म्हणजे बादलीकडं बघणं. शुगर जुनी असली की ब्लॅडरच्या नसा बधिर होतात, भरलंय हे उशिरा कळतं आणि स्नायूही सैल पडतो, आणि तसं असेल तर प्रोस्टेट काढूनही म्हणावा तेवढा फरक पडणार नाही. म्हणून म्हणाले कापायच्या आधी युरोडायनॅमिक करून घ्या, आणि या सेंटरचं नाव दिलं.

एक गोष्ट मला आवडली की ते असंही म्हणाले की प्रत्येक पेशंटला ही टेस्ट लागत नाही. घरी येऊन मी शोधलं तर खरंच इंग्लंडमध्ये 820 पुरुषांवर अभ्यास झालाय, 2020 ला छापून आलाय, ऑपरेशनचा विचार चाललेल्या सगळ्यांचीच सरसकट ही टेस्ट केली म्हणून ऑपरेशनचं प्रमाण काही कमी झालं नाही. म्हणजे कुणी आल्याआल्या सगळ्यांनाच ही टेस्ट लिहून देत असेल तर एकदा विचारा का म्हणून. आमच्याकडं जुनी शुगर होती, प्रोस्टेट फार मोठी नव्हती आणि लघवी साठत होती, म्हणून कारण होतं.

आता सेंटर. फोन केला तेव्हा जे बाई बोलल्या त्यांना पाच पैकी पाच. त्यांनी तयारी नीट सांगितली. तीन दिवस आधी लघवीची रूटीन आणि कल्चर करून आणायचं, इन्फेक्शन असेल तर टेस्ट पुढं ढकलणार कारण त्यात नळी घालायची असते. उपाशी यायचं नाही, नाश्ता करून यायचं, शुगरच्या गोळ्या नेहमीसारख्या. सकाळी पोट साफ करून यायचं, याचं कारण पुढं येतंच. लघवीच्या ज्या गोळ्या चालू आहेत त्या बंद करायच्या का ते डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनानं करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी विचारलं की लघवी रोखून यायचं ना, तर त्या म्हणाल्या 'कुठून येताय?' म्हटलं कराडहून. तर म्हणाल्या 'अहो नका, रस्त्यात करत या, इथं येऊन पाणी प्यायचं, आम्ही थांबतो.' माणसाला माणूस समजून बोलणं म्हणजे काय ते इथं कळलं. नाहीतर कराड ते पुणे दीडशेच्या वर किलोमीटर, खंबाटकीत ट्रक अडकलेला, आणि गाडीत भरलेलं ब्लॅडर घेऊन बसलेले आण्णा, विचार करा. तरी आम्ही तीनदा थांबलोच, शेवटचं खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडं.

तीन दिवसांची डायरी पण ठेवायला सांगितली होती. कधी प्यालो, किती प्यालो, कधी गेलो, किती झाली, सगळं मापून. आण्णांनी मापायला स्वयंपाकघरातला केकचा मेजरिंग जग उचलला, त्यावरून आईनं जे रामायण केलं ते इथं लिहीत नाही, नवीन जग आणला 60 रुपयांचा. पण ही डायरी म्हणजे फुकटची टेस्ट आहे बघा. त्यातून कळलं की आण्णा संध्याकाळी सहानंतर तीन चहा पितात आणि वर झोपताना तांब्याभर पाणी, आणि रात्रीच साधारण 900 मिली लघवी होते. ड्रायव्हर माणूस, रात्रीचा चहा सवयीचा. आणि दिवसा पाच पाच तास जायचंच नाही, लागतच नाही म्हणतात. आम्हाला वाटायचं वा, कंट्रोल चांगला आहे. तो कंट्रोल नव्हता, ते कळतच नव्हतं.

पत्ता शोधायला त्रास नाही, पेठेत आहे पण पार्किंग विसरा, गाडी लांब लावून रिक्षानं या. तिसरा मजला, लिफ्टमध्ये चार माणसं म्हणजे चिकटून चार. वेटिंगमध्ये बारा खुर्च्या, पाण्याचा जार, एसी इतका गार की पेशंटला आपोआप लागावी म्हणून ठेवलाय का काय असं वाटलं. अपॉइंटमेंट अकराची, आत घेतलं साडेबाराला.

आणि आता तो कापलेला स्टार. काउंटरवर जी ताई बसते ती एक फॉर्म भरून घेते, सात प्रश्नांचा, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क, एकूण पस्तीस, सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्याच्या वर जास्त त्रास. फॉर्म इंग्लिशमध्ये. म्हणून ती तो मराठीत मोठ्यानं वाचून विचारते, काउंटरवरच, सगळ्या लोकांसमोर. 'काका, रात्री किती वेळा उठता लघवीला?' 'काका, जोर करावा लागतो का?' आण्णांचा चेहरा असा झाला की जणू तिकीट चेकरनं भर गाडीत पकडलंय. त्यांनी सगळ्याला 'नाही नाही, ठीक आहे' म्हणून टाकलं आणि मार्क आले चार. चार! ज्या माणसासाठी आम्ही पहाटे पाचला निघालो त्याला मार्क चार. मी पुढं होऊन म्हटलं की फॉर्म द्या, आम्ही कोपऱ्यात भरतो, तर म्हणे इंग्लिश आहे मॅडम. अहो येतं मला इंग्लिश. हा फॉर्म मराठीत छापून घ्यायला किती खर्च येतो? सेंटरवाल्यांनी वाचलं तर प्लीज एवढं करा.

आत गेल्यावर ब्रदरनं तो फॉर्म बघितला, हसला, आणि दार लावून परत पहिल्यापासून विचारला. तेव्हा मार्क आले 22. शेवटी एक वेगळा प्रश्न असतो, असंच आयुष्यभर राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल. आण्णा म्हणाले हा काय प्रश्न झाला. ब्रदर म्हणाला काका मलाही तसंच वाटतं, पण लिहावं लागतं.

या ब्रदरबद्दल लिहायलाच पाहिजे. चाळिशीचा माणूस असेल, आवाज शांत, कसलीच घाई नाही. बाकी जे पुढं लिहितेय ते मी बघितलेलं नाही, मला बाहेरच बसवलं होतं आणि आण्णांनाही तेच बरं वाटलं. हे सगळं मला कळलं कसं, तर परत येताना आण्णांनी गाडीतून त्यांच्या एसटीतल्या दोस्ताला फोन लावला आणि पाऊण तास साद्यंत वर्णन केलं, मी शेजारी बसून गाडी चालवतेय हे विसरून. मी आरशात बघत गप्प.

पहिल्यांदा युरोफ्लो. छोटी खोली, आतून कडी. कडी! आण्णांनी दोस्ताला हे तीनदा सांगितलं. एक स्टँड, त्यावर मोठं नरसाळं, खाली भांडं आणि भांड्याखाली वजन मोजायचा सेन्सर, वजन जसं वाढेल तसा कॉम्प्युटरवर ग्राफ निघतो. धार सुरू झाली की मशीन आपोआप चालू होतं, कुणी उभं राहायची गरजच नसते. सूचना दोनच, नरसाळ्याला हात किंवा पाय लावायचा नाही, धक्का बसला की ग्राफ उडतो, आणि धार मध्येच इकडंतिकडं हलवायची नाही. घरी उभं राहून करत असाल तर उभं राहून, बसून करत असाल तर बसायला खुर्ची आहे. आणि लागल्याशिवाय जायचं नाही, मध्ये दोनदा येऊन विचारून गेला, आण्णा म्हणाले अजून नाही, तर तो म्हणाला काही हरकत नाही, मी दुसरा पेशंट घेतो. पाऊण तास थांबला तो माणूस आमच्यासाठी. म्हणून यांना उशीर होतो हे मला नंतर लक्षात आलं, त्यामुळं साडेबाराचा राग माझा तिथंच गेला.

यावेळी झाली 212 मिली, सगळ्यात जास्त वेग 8.4. साधारण 15 च्या वर असला तर बरा म्हणतात, 10 च्या खाली म्हणजे काहीतरी गडबड. लगेच पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवून शिल्लक बघितली, 165. नॉर्मल माणसाचा ग्राफ घंटेसारखा असतो म्हणे, छान चढतो आणि उतरतो. आण्णांचा लांबलचक, खालीवर खालीवर, मध्ये तुटलेला. स्क्रीन बघून आण्णा म्हणाले हा तर खंबाटकीचा घाट. ब्रदरनं सांगितलं की तुम्ही पोटानं जोर लावून लावून करताय म्हणून असा येतो.

मग मुख्य टेस्ट. कपडे बदलून गाऊन, टेबलवर झोपवलं, जेली लावून लघवीच्या जागेतून बारीक नळी. आण्णांना भीती या नळीचीच होती, कारण शेजारच्या काकांना दवाखान्यात असताना लावलेली जाड नळी त्यांनी पाहिली होती. ही तशी नसते, सहा नंबरची असते, म्हणजे साधारण 2 मिलीमीटर, उसाच्या रसाच्या स्ट्रॉपेक्षा कितीतरी बारीक. जाताना चरचरतं, प्रोस्टेटपाशी एकदा 'अगं आई' झालं असं स्वतः म्हणाले, मग काही नाही. या एकाच नळीत दोन वाटा असतात, एकीतून सलाईन आत सोडतात आणि दुसरी प्रेशर मोजते.

दुसरी नळी मागच्या बाजूनं, गुदद्वारात. तिला टोकाला छोटा फुगा. हे कुणी आधी सांगत नाही आणि टेबलवर कळलं की माणूस बिथरतो, म्हणून मी इथं सांगतेय, सकाळी पोट साफ करून या ते यासाठीच. ही नळी कशाला, तर ब्लॅडरमधल्या नळीला जे प्रेशर दिसतं त्यात पोटाचा जोरही मिसळलेला असतो, मागची नळी फक्त पोटाचं प्रेशर सांगते, आणि कॉम्प्युटर एकातून दुसरं वजा करतो, राहतं ते ब्लॅडरच्या स्नायूचं स्वतःचं. खरी ताकद. म्हणून दर थोड्या वेळानं 'काका, खोका' म्हणतात. खोकलं की दोन्ही रेषा सारख्या उडाल्या पाहिजेत आणि वजाबाकीची रेषा सपाट राहिली पाहिजे, तसं झालं तर नळ्या नीट बसल्यात. म्हणजे टेस्ट चालू असताना स्क्रीनसमोर कुणीतरी जागं पाहिजे. मशीन सगळीकडं सारखंच असेल हो, पण नळी सरकली हे बघणारा नसेल तर ते काय वाट्टेल ते छापून देईल.

मग हळूहळू सलाईन सोडायला लागले, मिनिटाला 30 मिली. तुम्ही फक्त सांगायचं, पहिल्यांदा काही जाणवलं कधी, जावंसं वाटलं कधी, आणि आता नाही राहवत हे कधी. बऱ्याच लोकांना दीडशे दोनशेला जाणीव होते, आण्णांना 290 ला झाली. 540 ला ब्रदरनंच थांबवलं, आण्णा म्हणत होते अजून बसेल. एसटीतली सवय, पुढच्या स्टँडवर बघू.

आणि मग जे अवघड असतं ते. सगळ्या नळ्या लावलेल्या तशाच, आणि आता म्हणतात करा लघवी. 540 मिली पोटात, आणि होईना. पाच मिनिटं, सात मिनिटं. आण्णांना वाटलं परत त्या पहिल्या ठिकाणासारखंच होणार. तर ब्रदरनं काय केलं, बेसिनचा नळ बारीक सोडला, लाईट कमी केला, म्हणाला काका फरशीवर सांडलं तरी चालेल, पुसायला आम्ही आहोत, आणि पडद्यापलीकडं स्क्रीनकडं जाऊन बसला, आण्णांकडं पाठ करून. दोन मिनिटांनी सुरू झाली. आण्णा दोस्ताला म्हणाले, 'त्या माणसानं पाठ केली ना, तिथंच माझं काम झालं.' मी तेव्हा शिरवळच्या आसपास होते आणि मला एकदम डोळ्यात पाणी आलं, का ते विचारू नका.

सगळं मिळून टेबलवर चाळीस मिनिटं, सेंटरमध्ये तीन सव्वातीन तास. पैसे युरोफ्लोचे 600 आणि मोठ्या टेस्टचे 5500, ऑनलाइन घेतात, पावती मागावी लागत नाही. आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीच्या टेस्ट बसत नाहीत, त्यामुळं खिशातूनच.

रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी. तिथले डॉक्टर स्वतः बसून समजावतात, हे मला वाटतं इथलं सगळ्यात मोठं. त्यांनी कागद उलटा करून आमच्याकडं फिरवला आणि गणित करून दाखवलं. लघवीचा वेग सगळ्यात जास्त होता तेव्हा 7, आणि त्या क्षणाला ब्लॅडरच्या स्नायूचं प्रेशर 24. अडथळा आहे का हे बघायला 24 मधून 7 ची दुप्पट वजा करायची, आले 10. चाळीसच्या वर असतं तर अडथळा नक्की, वीसच्या खाली म्हणजे अडथळा नाही. आता स्नायूची ताकद, 24 मध्ये 7 ची पाचपट मिळवायची, आले 59. शंभरच्या खाली म्हणजे दुबळा. आण्णा कागदाकडं बघत राहिले आणि म्हणाले, 'म्हणजे ब्रेक लागलेला नाही, इंजिनच पिकअप घेईना.' डॉक्टर म्हणाले बरोबर, आणि ब्रेक काढून गाडी पळणार नाही.

मी विचारलं की एसटीत तीस वर्षं लघवी रोखून धरली त्याचं आहे का हे. ते म्हणाले त्यानं मदत तर नक्कीच झाली नसेल, पण मुख्य संशय शुगरवर. आई घरी आजही एसटीलाच दोष देते, तो भाग वेगळा.

ऑपरेशन बाजूला ठेवलं. त्याऐवजी सांगितलं की लागो न लागो दर तीन तासांनी घड्याळ लावून जायचं, एकदा करून झालं की दोन मिनिटं थांबून परत एकदा करायची, संध्याकाळचा चहा एकच, शुगर आटोक्यात, आणि झोपायच्या आधी एकदा स्वतः नळी घालून रिकामं करायचं, कारण शिल्लक राहतेय त्यातूनच इन्फेक्शन होतायत. ही नळी घालायची ऐकून आण्णा उठून उभेच राहिले. पण तिथंच एक सिस्टर आहेत, त्यांनी आतल्या खोलीत वीस मिनिटांत शिकवलं, हात साबणानं धुणं, जेली, नळी किती आत, लघवी थांबली की हळूहळू बाहेर. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन करून विचारलं सुद्धा.

टेस्टनंतरचं सांगते, कारण याचीही भीती असते. पहिल्या एक दोन वेळा लघवीला जळजळ आणि किंचित गुलाबी रंग, आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. अँटिबायोटिकची एक गोळी दिली होती. भरपूर पाणी प्यायचं, आणि थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच अडकली तर रात्रीही फोन करा म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं बंद.

बायकांसाठी थोडं, कारण वेटिंगमध्ये माझ्या शेजारी एक मावशी होत्या, खोकल्या किंवा हसल्या की थेंब जातात म्हणून आलेल्या. अकरा वर्षं सहन करतायत, लग्नाकार्याला जायचं सोडलंय, घरी फक्त सुनेला माहिती. त्यांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं की आत दोन नळ्या असतात आणि माझा हात घट्ट धरला. इथं लेडी टेक्निशियन रोज नसतात, मंगळवारी आणि शुक्रवारी असतात असं मला सांगितलं, तर फोनवर आधी विचारून तोच वार घ्या. हे बोर्डवर कुठंच लिहिलेलं नाही, लिहायला हवं. एक लहान मुलगाही होता, पाठीच्या मणक्याचं जन्मापासूनचं काहीतरी, त्याची ही तिसरी टेस्ट होती. तो मजेत मोबाईलवर कार्टून बघत होता आणि त्याला बघून आण्णा जरा ताठ बसले.

बाकी किरकोळ तक्रारी आहेत. टॉयलेटमध्ये धरायला दांडा नाही, गुडघेदुखीवाल्यांचं काय. रिपोर्टही इंग्लिशच. खाली कँटीन नाही, समोर एक पोह्याची गाडी आहे, पोहे चांगले आहेत.

अपडेट, दोन महिन्यांनी: आण्णा रात्री आता एकदा उठतात, कधी दोनदा. झोपायच्या आधीची नळी स्वतः घालतात, आईलाही खोलीत येऊ देत नाहीत. इन्फेक्शन अजून तरी परत नाही. परवा सोनोग्राफीला परत याच सेंटरला गेलो तर रिटायर्ड एसटीवाल्यांपैकी अजून दोघं आमच्याबरोबर गाडीत, आण्णांनी आगारात प्रचारच केलाय. काउंटरवरची ताई अजून मोठ्यानंच विचारते, म्हणून आण्णांनी दोघांचे फॉर्म मला आदल्या रात्री घरी भरायला लावले, प्रश्न मी वाचले, उत्तरं त्यांनी बोटांनी दाखवली.